चौथी मूठ

"कोण हवंय आपल्याला?" टीव्हीतल्या बाईने विचारलं, आणि कोकिळाबाईंच्या हातातली गवारीची शेंग न मोडता तशीच राहिली.

टीव्हीत दार अर्धं उघडं होतं. दाराबाहेर मेजर अगस्ती उभा होता, दाढी वाढलेली, अंगावर तोच रुपेरी पोशाख. बारा वर्षांपूर्वी यान घेऊन आभाळात गेलेला माणूस. यान हरवलं, सरकारने त्याला मृत जाहीर केलं, रिकाम्या पेटीला सलामी दिली, बायकोला त्याच्या जागेवर नोकरी दिली. त्याच्या हिशेबाने मात्र तो सात-आठ महिनेच बाहेर होता. वेगाने जाणाऱ्याचा काळ हळू जातो असं काहीतरी कारण होतं, ते मुलाने, नवीनने, दोनदा समजावून सांगितलं होतं आणि कोकिळाबाईंनी दोन्ही वेळा मान हलवली होती. तर असा तो परत आला, आपल्या दारात उभा राहिला, आणि बायकोने विचारलं, कोण हवंय आपल्याला?

तिने ओळखलं होतं. नटी बरी होती, डोळ्यांत दिसत होतं. ओळखूनही तिने विचारलं. अगस्तीने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ढोल वाजले, चित्र गोठलं, आणि खाली पट्टी आली की उरलेलं पुढच्या शनिवारी.

"अरे!" कोकिळाबाई म्हणाल्या. "आत्ताच थांबवायचं होतं का मेल्यांना?"

रेशमा स्वयंपाकघरातून हसली. सासूबाई टीव्हीशी बोलतात हे ती लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होती. घराघरांतल्या सासवा-सुनांच्या मालिका लागल्या की कोकिळाबाई उठून ओट्यावर जाऊन बसत. जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्या बाई. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, आणि मधल्या वेळात कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा बाईला आभाळातल्या यानांचं वेड लागावं, याची रेशमाला मोठी गंमत वाटत होती.

"आई, तुम्हाला आवडायला लागली वाटतं ही मालिका."

"आवडायला काय," कोकिळाबाई म्हणाल्या आणि शेंग मोडली. "जरा बघितली."

जरा बघितली म्हणे! शनिवारी सात वाजले की देवापुढचा दिवा लावायचा राहिला तरी चालेल पण टीव्ही लागला पाहिजे, अशी गत झाली होती. नवीनला त्यात यानाचा वेग, इंधन, कुठल्या ग्रहावर किती गुरुत्वाकर्षण, याचं अप्रूप. कोकिळाबाईंना यानाचं सोयरसुतक नव्हतं. त्या गेले पाच-सहा शनिवार एकाच गोष्टीची वाट पाहत होत्या. हा माणूस एक ना एक दिवस घरी येणार, आणि दार उघडणार.

कारण ते दार कोकिळाबाईंनी उघडलेलं होतं.

भिंतीवर नवऱ्याचा, प्रेमराजचा, फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. धुळ्याला असताना काढलेला, मिशी नुकती फुटलेली. नवीन रांगत होता तेव्हा हा माणूस एक दिवस सकाळी कचेरीत जातो म्हणून निघाला आणि कचेरीत पोचलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, डोक्यावर काही ओझं नाही. बसस्टँडवर कुणी पाहिला नाही, विहिरीत सापडला नाही. सासू धुरपदाबाई जिवंत असेपर्यंत रोज एक भाकरी जास्त थापत. गेल्या त्या तशाच, दाराकडे बघत. पुढे कोर्टाने त्याला मेलेला ठरवला, आणि त्याच्या जागेवर अनुकंपा म्हणून कोकिळाला नोकरी लागली, जळगावात. बारा वर्षं भरली तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता जिवाला गती द्या. पळसाच्या पानांचा पुतळा केला, नारळाचं डोकं लावलं, पांढरं कापड गुंडाळलं. नवीनने त्याला अग्नी दिला. तेरा वर्षांचं पोर, धुराने डोळे चोळत होतं, आणि बायका म्हणत होत्या, बिचारं रडतंय. त्याला बाप आठवतच नव्हता तर रडणार कशाला? कोकिळाचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. गावाने तेरावं जेवलं. विषय संपला.

आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी, श्रावणातल्या दुपारी, दार वाजलं.

नवीन शाळेत होता. कोकिळाला कसलीशी सुटी होती. तिने दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर एक माणूस खाली मान घालून उभा. तिची नजर आधी त्याच्या पायांवर गेली. उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. सप्तपदीत सात पावलं ज्या अंगठ्याकडे बघत चालली होती तो अंगठा. त्याने मान वर करायच्या आतच तिला सगळं कळलं होतं.

"पानी भेटी का थोडं?" तो म्हणाला.

ती आत गेली. तांब्या भरला. भरताना थेंबही सांडला नाही, हे तिला अजून आठवे आणि अजून नवल वाटे. बाहेर आली, तांब्या दिला. तो प्याला, सगळं प्याला, मग तिच्याकडे बघत राहिला. तिच्या मोकळ्या कपाळाकडे. आणि कोकिळाच्या तोंडून शब्द आले:

"कोन पाह्यजे तुमले?"

घरच्या बोलीत, पण परक्याला विचारावं तसं. गल्लीत चुकलेल्या पोस्टमनला विचारावं तसं.

त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "कोनी नही. घर चुकी गऊ." तांब्या उंबऱ्याच्या आत नीट ठेवला, आणि गेला. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने पाहिलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. असोद्याच्या रस्त्याने गेला की स्टँडकडे, हेही तिला कळलं नाही.

कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? की तुमचा मेलेला माणूस पाणी पिऊन गेला? ज्या नोकरीवर पोर शिकत होतं ती त्याच्या मरणावर मिळालेली होती. मेला म्हणून सही-शिक्क्यानिशी ठरलेला माणूस जिवंत निघाला असता तर नोकरी कुठली आणि दहावीतलं पोर कुठलं? ही भीती खरी होती. पण तेवढीच होती का? पळून गेलेल्या माणसावरचा संताप होता, तोही खराच. वर्षानुवर्षं सासूच्या त्या जास्तीच्या भाकरीकडे बघत काढली होती. भीतीने विचारलं की रागाने विचारलं, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि पंचवीस वर्षांनीही सांगता येत नव्हतं. आणि त्याहून मोठं कुसळ दुसरंच होतं. तिने ते विचारलं नसतं, नुसतं "या" म्हटलं असतं, तर तो काय बोलला असता? का गेलो, कुठे होतो, का आलो. एक तरी वाक्य त्याच्यापाशी असेल की नाही?

एवढंच त्यांना पाहायचं होतं. आपल्या दारात जे अर्धवट राहिलं ते कुणीतरी, कुठेतरी, निदान टीव्हीत तरी पुरं करावं.

तो आठवडा कोकिळाबाईंनी त्या दाराशीच काढला. भाजी निवडताना, अंगण झाडताना, देवाची भांडी घासताना त्या बाईच्या तोंडी वाक्यं घालून बघत. मंगळवारी न राहवून त्या रेशमाला म्हणाल्या, "तिने त्याला एकदम आत घेऊ नये बरं. ओट्यावर बसवावं."

"कुणाला आई?"

"त्या अगस्तीला. आणि त्याला आधी बोलू द्यावं. तिने काही म्हणू नये. तो काय बोलतो ते तर कळू दे."

"तो म्हणेल सॉरी," रेशमा म्हणाली.

"हॅट. सॉरीने काय होतंय! बारा वर्षांनी आलेला माणूस सॉरी म्हणेल का? पाणी मागेल."

रेशमाला हसू आलं. "मग तुम्हीच लिहा ना आई, ती मालिका."

"मला कशाला, त्यांना लिहिता येतं की," कोकिळाबाई म्हणाल्या. "दारापर्यंत किती छान आणलंय बघ. आता तर सोपंच आहे. दोन माणसं आणि एक दार. यान नको की राक्षस नको."

खरंच त्या मालिकावाल्यांवर त्यांचा विश्वास बसला होता. ज्याने "कोण हवंय आपल्याला" लिहिलं, त्याला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे, असं त्यांना वाटे. कुठे मुंबईत बसलेला तो कोण लेखक, त्याचं नाव त्यांनी कधी वाचलं नव्हतं. पण तो आपल्याच गल्लीतून कधी गेला असावा इतका त्यांना जवळचा वाटू लागला होता.

शनिवार कानबाईच्या आदल्या दिवसाचा. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. नारळाला डोळे-नाक लावतात, नथ घालतात, आणि भाऊबंदांनी मिळून रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, खायचे. रोटांचं दळण वेगळं. घरात जेवढे जिवंत पुरुष, तेवढ्यांच्या नावाने गहू मोजायचा, एकेकाची सव्वा मूठ. त्या पिठाचा कण बाहेरच्याच्या तोंडी जायचा नाही. कानबाई दरवर्षी कोकिळाबाईंकडेच बसे, म्हणून धुळ्याहून त्यांचे दीर हिलालभाऊ दुपारीच येऊन टेकले. धोतर, टोपी, काखेत शेतातल्या यंदाच्या गव्हाची पिशवी. त्यांचा मुलगा झुलाल रविवारी सकाळी बायकोला घेऊन येणार होता.

"वहिनी, बठ्ठं बरं शे ना?" हिलालभाऊंनी टोपी काढून विचारलं.

"बरं शे भाऊ. हातपाय धुवा, चहा ठेवस."

विधवेने कानबाईला हात लावायचा नाही. ते सगळं रेशमाने करायचं. पण गहू मोजायला घरातली मोठी बाई लागते, आणि गव्हाला हात लावायला कोकिळाबाईंना कुणाची ना नव्हती. तीन पुरुष: हिलाल, झुलाल, नवीन. तीन सव्वा मुठी. कोकिळाबाई मात्र तो पाणी पिऊन गेला त्या दुपारपासून दरवर्षी चार टाकत आल्या होत्या. तिघांची नावं मोठ्याने घेत, आणि चौथी मूठ तोंडातल्या तोंडात, पिशवी झटकताना, कुणाचं लक्ष नाही असं बघून. मेलेल्याच्या नावाने रोट होत नाही. कानबाईला फसवायचं तर फसवायचं, पण जिवंत माणसाला मेलेल्यांत मोजायचं पाप त्या दर श्रावणात एकदा तरी फेडत होत्या. कपाळ मोकळं ते मोकळंच. ते कसं फेडणार!

"गहू मोजी लेवू का?" हिलालभाऊंनी विचारलं.

"सात वाजू द्या भाऊ. मंग लगेच."

"सातले काय शे?"

"आईची मालिका आहे, काका," नवीन हसत म्हणाला. "आईपुढे आज कानबाईचं पण काही चालायचं नाही."

पावणेसातला लाईट गेली. कोकिळाबाईंनी वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एरवी मेणबत्ती शोधायला उठणारी बाई हातात पदराचं टोक घट्ट धरून अंधारात टीव्हीसमोर बसून राहिली. साताला दोन मिनिटं कमी असताना लाईट आली, आणि नवीनने टाळ्या वाजवल्या.

सुरुवातीला मागच्या भागातलं दाखवलं. दार, दाढी, "कोण हवंय आपल्याला?" कोकिळाबाई पुढे सरकल्या.

अगस्तीने तोंड उघडलं. आणि त्याच्या तोंडातून निळा उजेड बाहेर आला.

तो अगस्ती नव्हताच. शत्रूने पाठवलेला यंत्रमानव होता, अगस्तीचं कातडं पांघरलेला. त्याने दार उखडलं, सोफा फेकला. बाई किंचाळत जिन्यावर पळाली. मग खरा अगस्ती खिडकीतून आत आला आणि दोघांची मारामारी सुरू झाली, या भिंतीतून त्या भिंतीत. जाहिराती आल्या, गेल्या, मारामारी चालूच. मग कुणी प्राध्यापक आला. त्याच्याकडे काळ मागे फिरवायचं यंत्र होतं. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने एक बटण दाबलं, सगळं उलटं फिरलं, यान पृथ्वीवरून उडालंच नाही. सकाळची वेळ. बाई ओल्या केसांनी चहा आणते. अगस्ती पेपर वाचतोय. ती विचारते, आज लवकर याल? तो म्हणतो, मी कुठे जातोय. दोघं हसतात. बासरी वाजते. संपलं.

"मस्त शे!" हिलालभाऊ म्हणाले. "कसा फोडा त्याले! मुंडकंच काढी टाकं!"

"भारी होता ना काका? टाइमलाइनच बदलून टाकली," नवीन म्हणाला.

कोकिळाबाई पडद्याकडे बघत होत्या. तिथे आता दात घासायची पेस्ट आली होती.

"तिचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"त्या बाईचं. दारातल्या."

"आई, रीसेट झालं ना सगळं. तो गेलाच नाही मुळी."

"गेलाच नाही?"

"नाही ना. गेलाच नाही म्हटल्यावर परत यायचा प्रश्नच नाही. सगळं चांगलं झालं."

"आणि तिची बारा वर्षं?"

"ती पण रीसेट."

"ती पण रीसेट," कोकिळाबाई सावकाश म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "अरे, मग दारापर्यंत आणलं कशाला त्याला? तिने ओळखलं होतं! ओळखूनसुद्धा विचारलं, कोण हवंय. का विचारलं असेल? कुणाला पडलीये? त्याला बोलू दिलं नाही, तिला बोलू दिलं नाही. हातातोंडाशी आलेला घास मातीत घातला! डोंगर पोखरून काय काढलं, तर पत्र्याचा बाहुला! दोन माणसं दारात उभी केली तर त्यांच्या तोंडून दोन शब्द काढायची यांची छाती नाही, म्हणून भिंती फोडायच्या. भित्रे मेले!"

रेशमा स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी. नवीनने आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या त्याच्यावर लहानपणीसुद्धा ओरडल्या नव्हत्या.

"आई, अगं टीव्ही आहे तो," नवीन समजुतीने म्हणाला. "खोटं असतं सगळं. एवढं काय मनाला लावून घेतेस? आणि दारात बोलत बसले असते तर कुणी पाहिलं असतं का? लोकांना कंटाळा येतो."

"हो. कंटाळा येतो," कोकिळाबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. कुणी विचारलं असतं तर आज त्यांनी सांगितलं असतं. इतक्या वर्षांत प्रथमच सगळं ओठांवर आलं होतं. त्यांनी नवीनकडे पाहिलं, मग फोटोकडे. नवीनने रिमोट उचलला आणि क्रिकेट लावलं.

"गहू मोजून घेऊ," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मागच्या खोलीत रेशमाने पाट मांडून, परात धुऊन ठेवली होती. उजाडताच हे दळण न्यायचं होतं. चक्कीवाल्याने चक्की धुऊन कोरडी केली होती, उद्या सकाळी कानबाईखेरीज दुसरं काही दळणार नव्हता. कोकिळाबाई परातीपुढे बसल्या. हिलालभाऊ गव्हाची पिशवी घेऊन आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. बाहेरून क्रिकेटचा गलका येत होता.

"हिलालभाऊंची," कोकिळाबाईंनी मूठ टाकली, वर पावमूठ सोडली. "झुलालची." टाकली. "नवीनची." टाकली. मग पिशवी झटकल्यासारखं करत हात परत आत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली.

"वहिनी," हिलालभाऊ हळू म्हणाले. "ती मूठ नको आते."

हात परातीवर थांबला.

"कोनती?"

"चवथी. दरसाल तुम्ही टाकतस. मी देखस."

हिलालभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते दाराकडे बघत होते, कुणी येत नाही ना म्हणून.

"मांगना फागुनमा वारना तो. सुरतले. माले फोन उना, मी गऊ. पुतळाले नवीननी आगीन दिन्ही व्हती." ते थांबले. "त्याले मी दिन्ही."

बाहेर कुणीतरी बाद झालं. नवीन ओरडला.

"तुमले कवयपाइन म्हाईत शे?" कोकिळाबाईंनी विचारलं. आवाज आपलाच आहे असं त्यांना वाटेना.

"पहिलेपाइन. तुमना दारवरतीन तो मना मळामाच उना व्हता, त्याच रोजे. मी बी त्याले ठेवं नही, वहिनी. बठ्ठा गावनी तेरावं जेवेल. कोनता तोंडे सांगतू, जित्ता शे म्हनीसन? बसमा बसाडी दिन्हा." हिलालभाऊंनी टोपीच्या घडीवरून बोट फिरवलं. "तुमले सांगानं व्हतं. पन चवथी मूठ देखू आन वाटे, मोजी ऱ्हायनी ते मोजू दे."

म्हणजे पंचवीस वर्षं या माणसाने समोर बसून चौथी मूठ पडताना पाहिली होती, आणि रोट खाऊन धुळ्याची बस धरली होती. कोकिळाबाईंना त्याचा राग यायला हवा होता. पण राग सगळा मघाशी त्या पत्र्याच्या बाहुल्यावर खर्च झाला होता. आता विचारायचं एकच उरलं होतं.

"काय बोलना तो? मनाबद्दल."

"काय बोलीन." हिलालभाऊंनी खांदे उडवले. ते लपवत नव्हते, खरंच फार काही नव्हतं. "म्हने, तिनी माले वळखं नही."

"वळखं नही?"

"हां. म्हने, बरं झालं. वळखती ते मी काय सांगतू?"

कोकिळाबाईंची मूठ परातीवर तशीच धरलेली होती. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की तू मान वर करायच्या आत ओळखलं होतं रे मी, पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं होतं. पण हे आता कुणाच्या कानात ओरडायचं? तो ते न ऐकताच जळून गेला होता. आणि त्याच्यापाशी एक वाक्यसुद्धा नव्हतं. ज्या वाक्यासाठी त्यांनी मनात शंभरदा दार उघडलं, पंचवीस वर्षं घासून-पुसून जागा करून ठेवली, ते वाक्य नव्हतंच. पोटाशी धरून ठेवलेलं सगळं कडू होऊन गेलं.

"नवीनले सांगू नका," हिलालभाऊ म्हणाले आणि टोपी घालून उठले.

त्या एकट्या राहिल्या. मूठ पिशवीच्या तोंडाशी नेऊन त्यांनी सोडली. मोजदाद अशी मोडली तर पहिल्यापासून करावी लागते. त्यांनी परातीतला गहू परत पिशवीत ओतला, परात पदराने पुसली, आणि पुन्हा नावं घेतली. हिलालभाऊंची. झुलालची. नवीनची. प्रत्येकाची सव्वा मूठ, नीट, दाणा खाली न सांडता. आणि सवयीने हात पुन्हा पिशवीत गेला.

"आई, झालं का?" रेशमाने बाहेरून विचारलं. "परात झाकून ठेवू ना?"

"झालं," कोकिळाबाई म्हणाल्या.

रेशमा स्वच्छ फडकं घेऊन आत आली. तिने परातीवर फडकं पसरलं, चारी टोकं खोचली, आणि परात उचलून देवघरात नेली. सासूबाई अजून पाटावरच बसल्या होत्या, हात मनगटापर्यंत गव्हात.

"आई, पिशवी पण ठेवू का आत?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जरा राहू दे."